हौस, हवा आणि हिशोब

निवडणुका आल्या की आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाळांच्या मैदानांचे भाग्य उजळते. आदल्या संध्याकाळी पाण्याचा टँकर येतो आणि धूळ बसावी म्हणून सगळ्या मैदानावर पाणी मारले जाते. मधोमध चुन्याचा मोठा गोल काढून त्यात इंग्रजी ‘एच’ हे अक्षर रेखतात. कडेला वाऱ्याची दिशा दाखवणारे फडके लागते, अग्निशामक बंब आणि रुग्णवाहिका उभी राहते. दुसऱ्या दिवशी आकाशात घरघर सुरू झाली की गाव घराबाहेर पडते. नेते उतरतात, सभा होते, हेलिकॉप्टर निघून जाते. मागे चुन्याचा गोल तेवढा उरतो आणि पुढचे चार दिवस पोरे त्यात लंगडी खेळतात.

अलीकडे ही घरघर लग्नातही ऐकू येऊ लागली आहे. उसाच्या पट्ट्यातला एखादा हौशी बाप नवरदेवाला हेलिकॉप्टरने मांडवात आणतो, नाहीतर नव्या सुनेला हेलिकॉप्टरने घरी नेतो. वर्तमानपत्रात फोटो येतो. वाचणारे नाक मुरडतात, पण फोटो पुन्हा एकदा पाहून घेतात.

मी हौसेच्या विरुद्ध नाही. तीस वर्षे बँकेत कर्जाचे अर्ज तपासले. अर्जात ‘कर्जाचे प्रयोजन’ असा एक रकाना असतो. त्यात विहीर, पाइपलाइन, ट्रॅक्टर, म्हैस असे सारे वाचले. ‘हौस’ असे कुणी लिहिल्याचे आठवत नाही. पण गरजेच्या नावाखाली हौसही कर्ज काढते, हे टेबलाच्या दोन्ही बाजूंना ठाऊक असायचे. जीप ‘शेतमालाच्या वाहतुकीसाठी’ घेतलेली असे आणि रविवारी सहकुटुंब जोतिबाच्या डोंगरावर दिसे. त्याने कुणाचे बिघडत नव्हते. आम्ही एवढेच पाहायचो, की पैसा खर्च झाल्यावर मागे काही उभे राहते की नाही. आकाशातल्या हौसेलाही हाच हिशोब लावून पाहावा, असे वाटते.

जे.आर.डी. टाटांना उडण्याचे वेड होते. मुंबईच्या फ्लाइंग क्लबातून त्यांनी १९२९ मध्ये वैमानिकाचा परवाना मिळवला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन स्वतः विमान चालवत जुहूला उतरले. श्रीमंत घरातल्या तरुणाचे ते वेड होते खरे, पण त्यातून देशाची विमानसेवा जन्माला आली.

कोल्हापूरला त्यासाठी लांबचे उदाहरण शोधायला नको. आमच्या उजळाईवाडीचा विमानतळ छत्रपती राजाराम महाराजांनी उभारला, तो १९३९ साली. विमान हे तेव्हा राजेरजवाड्यांचेच कौतुक होते आणि भोवतालचा शेतकरी बैलगाडीतून फिरत होता. त्या काळात माळावर धावपट्टी आखणे याला कुणी चैन म्हटले असेल तर नवल नाही. पण महाराजांचे १९४० मध्ये निधन झाले, संस्थान विलीन झाले, आणि धावपट्टी राहिली. तिच्यावरून पुढे कामगार, विद्यार्थी, तिरुपतीचे भाविक, मुंबईच्या इस्पितळात निघालेले रुग्ण असे सारेच उडाले.

अर्थात ते सरळ घडले नाही. सेवा सुरू व्हायची, बंद पडायची. २०१८ मध्ये ‘उडान’ योजनेतून ती पुन्हा सुरू झाली. त्याआधीची काही वर्षे कोल्हापूरला प्रवासी विमानच नव्हते. पण मंत्र्यांची आणि उद्योगपतींची विमाने तेव्हाही येतच होती. धावपट्टी तीच, तिकीट काढून जाणाऱ्याला मात्र ती बंद. नंतर धावपट्टी वाढली आणि मार्च २०२४ मध्ये नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले. याच जिल्ह्यातल्या संजय घोडावत यांच्या समूहाने आधी हेलिकॉप्टर व्यवसायात पाय ठेवला आणि जानेवारी २०१९ मध्ये ‘स्टार एअर’ ही प्रवासी विमानसेवा सुरू केली. त्यांनी व्यापारच केला, आणि तसेच म्हणावे. पण हेलिकॉप्टरमध्ये चार-पाच माणसे बसतात, विमानात पन्नास. हिशोबाच्या दृष्टीने हा फरक लहान नाही.

आता दोन नोंदणी क्रमांकांची गोष्ट सांगतो. मोटारीसारखाच प्रत्येक विमानालाही क्रमांक असतो; ब्रिटनचा ‘जी’ने सुरू होतो, आपला ‘व्हीटी’ने. नोएल एडमंड्स हे बीबीसीवरचे लोकप्रिय सूत्रसंचालक. त्यांना हेलिकॉप्टरचे वेड. स्वतः चालवायचे, स्वतःची बाळगायचे. एका हेलिकॉप्टरचा क्रमांक त्यांनी ‘जी-नोएल’ असा घेतला. १३ जुलै १९८५ रोजी इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांसाठी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर गाण्यांचा प्रचंड कार्यक्रम झाला, तेव्हा कलाकारांना हेलिकॉप्टरने नेण्या-आणण्याची व्यवस्था याच गृहस्थांनी सांभाळली. एरवीची चैन त्या दिवशी उपयोगी पडली.

दुसरा क्रमांक आपल्याकडचा. अमोल यादव हे मराठी वैमानिक. त्यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. घरच्यांनी पैसा उभा केला, सुटे भाग जिन्याने वर चढले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’च्या मुंबईतल्या प्रदर्शनात ते विमान लोकांनी पाहिले. पण नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाकडे नोंदणी व्हायला २०१७ उजाडले, उड्डाणाच्या परवान्याला २०१९ आणि धुळ्याला प्रत्यक्ष उड्डाण व्हायला २०२०. त्या विमानाचा क्रमांक ‘व्हीटी-एनएमडी’. त्यातले ‘एनएम’ म्हणजे नरेंद्र मोदी आणि ‘डी’ म्हणजे देवेंद्र. अडलेल्या वाटेवर ज्यांच्या शब्दाने मदत झाली, त्यांची ही कृतज्ञता.

त्या कृतज्ञतेला मी हसणार नाही. साहेबांच्या एका फोनने फाइल कशी हलते, हे बँकेत बसून पुष्कळ पाहिले आहे. पण त्या इंग्रज गृहस्थाला आपल्या यंत्रावर स्वतःचे नाव घालावेसे वाटले आणि आमच्या माणसाला पंतप्रधानांचे व मुख्यमंत्र्यांचे, या एवढ्या गोष्टीत आपल्याकडच्या कारभाराची सगळी कथा आली.

यावर कुणी म्हणेल, नियम नकोत काय? नियम हवेतच. २३ जून १९८० रोजी संजय गांधी हौसेने विमानाच्या कसरती करताना दिल्लीत मृत्युमुखी पडले, आणि सोबतच्या प्रशिक्षकाचाही जीव गेला. २५ मे २०१७ रोजी निलंग्याला मुख्यमंत्र्यांचे हेलिकॉप्टर उड्डाण करताच तारांत अडकून कोसळले. सारे बचावले, हे दैव. आकाशातली चूक दुरुस्त करायला दुसरी संधी क्वचितच मिळते. तक्रार नियमांची नाही, त्यांच्या वेगाची आहे. नेत्यासाठी एका संध्याकाळीत हेलिपॅड तयार होते. मान्यताप्राप्त पक्षाच्या चाळीस स्टार प्रचारकांचा प्रवास तर, मग तो हेलिकॉप्टरचा का असेना, उमेदवाराच्या खर्चातही धरला जात नाही. आणि गच्चीवर विमान बांधणाऱ्याच्या वाट्याला वर्षांमागून वर्षे येतात.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेले. धोक्याची पातळी ४३ फुटांची. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ काही दिवस बंद राहिला. शिरोळ तालुक्यातली गावे बेटे झाली. माणसे बाहेर काढली ती मुख्यतः बोटींनी. पण छपरावर बसलेल्या माणसाचे कान आकाशाकडेच होते. त्या दिवसांतली घरघर वेगळी होती. तिला कुणी चैन म्हणाले नाही. २०२१ मध्ये पाणी पुन्हा तसेच चढले.

म्हणून सुचवावेसे वाटते ते असे. सभेपुरता चुन्याचा गोल काढण्याऐवजी शिरोळ, करवीर, हातकणंगल्यात पुराचे पाणी पोचणार नाही अशा उंच जागी पक्की हेलिपॅड बांधावीत. नेत्यांनी खुशाल तिथे उतरावे. पुरात ती गावाला उपयोगी पडतील. खासगी विमानवैमानिकाच्या परवान्याला वयाची सतरा वर्षे आणि किमान चाळीस तासांचे उड्डाण लागते. ते चाळीस तास गरिबाच्या पोराला परवडत नाहीत, पण विमानतळ आतून पाहायला तर पैसे पडत नाहीत. वर्षातून एक रविवार उजळाईवाडीचे दार जिल्ह्यातल्या शाळांना उघडावे. विमान कसे उतरते, वारा कसा मोजतात, हे मुलांना जवळून कळू द्यावे.

परवा एका गावात असाच एक गोल पाहिला. सभा होऊन गेली होती, पावसाने चुना अर्धा धुऊन गेला होता. गोलाच्या मधोमध एक मुलगी दोन्ही हात पसरून गरगरा फिरत होती. काय करतेस, असे विचारले तर म्हणाली, “चालवतेय, आजोबा. बाजूला व्हा.”

मी बाजूला झालो.