आरोग्यसेवा सोडून यूएक्स डिझाइनमध्ये जावे का?

रात्रपाळ्या, अपुरे मनुष्यबळ आणि कंत्राटी नोकरी यांना कंटाळलेल्या परिचारिका, डॉक्टर आणि फार्मासिस्ट यांना संगणकावरचे काम खुणावते. त्यात यूएक्स डिझाइनचे नाव बरेचदा पुढे येते. धाराशिवमध्ये या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. नीती आयोगाने २०१८ मध्ये महाराष्ट्रातील ज्या चार जिल्ह्यांचा समावेश आकांक्षित जिल्ह्यांत केला, त्यांपैकी हा एक. इथल्या ग्रामीण रुग्णालयातून एखादी अनुभवी परिचारिका गेली, तर तिची जागा भरणे सोपे नसते.

यूएक्स म्हणजे नेमके काय?

ॲपला छान रंग देणे म्हणजे यूएक्स नव्हे. ॲप कोण वापरणार, कुठे आणि किती घाईत वापरणार, कुठे अडखळणार हे आधी पाहायचे आणि त्यानुसार पडद्यावरील शब्द, बटणे व त्यांचा क्रम ठरवायचा, असे हे काम आहे. आधी हिस्ट्री, मग तपासणी, निदान, उपचार आणि फॉलोअप हा आपला क्रम इथेही लागू पडतो.

रुग्णाशी याचा काय संबंध?

थेट संबंध आहे. अमेरिकेतील एका रुग्णालयातील औषधे लिहिण्याच्या संगणक प्रणालीचा अभ्यास २००५ मध्ये 'जामा' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या प्रणालीमुळे औषधांच्या २२ प्रकारच्या चुकांना वाव मिळत असल्याचे त्यात दिसले. रुग्णाची सगळी औषधे एका पडद्यावर न दिसणे हे त्यातले एक कारण. चूक डॉक्टरच्या नावावर जमा होते, पण तिचे मूळ पडद्याच्या मांडणीतही असू शकते.

आपल्याकडचे उदाहरण अंगणवाडीचे आहे. मार्च २०२१ मध्ये केंद्राचे 'पोषण ट्रॅकर' ॲप आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभरातील अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. मोबाइलची क्षमता कमी, तो तापतो, दुरुस्तीचा खर्च अंगावर पडतो आणि ॲप मराठीत नाही, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. भाषेचा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. बाळाचे वजन अचूक घेऊनही ते नोंदवताना चूक झाली, तर कुपोषित मूल कागदावर निरोगी दिसते. भूम किंवा परंडा तालुक्यातील एखादी सेविका डिझाइनच्या टप्प्यावरच सोबत बसली असती, तर यातल्या बऱ्याच अडचणी आधीच कळल्या असत्या.

म्हणूनच वॉर्डात, ओपीडीत किंवा गावात काम केलेल्या माणसाची या क्षेत्राला गरज आहे. सॉफ्टवेअर शिकता येते. दोन रुग्णांच्या मध्ये मिळणाऱ्या अर्ध्या मिनिटात नोंद कशी करावी लागते, हे मात्र ते काम केलेल्यालाच ठाऊक असते.

निर्णयापूर्वी काय तपासावे?

• कारण कोणते? सतत थकवा, कामाविषयी तुटलेपणा आणि 'आपल्याकडून काही होत नाही' ही भावना असेल, तर ते बर्नआउट असू शकते. जागतिक आरोग्य संघटना त्याला आजार न मानता कामाच्या ठिकाणच्या न हाताळलेल्या ताणाचा परिणाम मानते. अशा वेळी आधी रजा, पाळीत किंवा विभागात बदल आणि गरज वाटल्यास मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्या. थकलेल्या मनाने घेतलेला निर्णय पुढे टिकत नाही.

• शिक्षण कुठे? आयआयटी मुंबईच्या आयडीसी स्कूल ऑफ डिझाइनमध्ये इंटरॅक्शन डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. त्यासाठीची सीड ही प्रवेश परीक्षा आरोग्य शाखेच्या पदवीधरांनाही देता येते आणि तिला वयाची अट नाही. काही आठवड्यांत नोकरीची हमी देणाऱ्या महागड्या कोर्सपासून सावध राहा. सुरुवातीच्या पातळीवर या क्षेत्रातही स्पर्धा मोठी आहे.

• बंधने कोणती? शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस केले असेल, तर सेवाबंधाची अट आधी पाहा. कौन्सिलची नोंदणी बंद पडू देऊ नका. परतीची वाट खुली राहते.

• आधी लहान प्रयोग करा. आपल्याच विभागातील एक त्रासदायक फॉर्म निवडा. पाच सहकारी तो भरताना कुठे थांबतात ते लिहून काढा, सुधारित मांडणी कागदावर करा आणि पुन्हा तपासा. रुग्णांची नावे किंवा नोंदी मात्र त्यात कधीही वापरू नका. हे काम करताना मजा आली, तर पुढचा विचार करा.

फक्त व्यक्तीने बदलून चालेल का?

नाही. आज अनुभवी परिचारिकेला यूएक्सचे काम करायचे असेल, तर बहुधा जिल्हा आणि रुग्णसेवा दोन्ही सोडावे लागते. नवे ॲप लागू करण्यापूर्वी जिल्हा रुग्णालय, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि अंगणवाडी इथे प्रत्यक्ष वापर करून पाहणे सक्तीचे करावे. त्या कामासाठी कर्मचाऱ्यांना आठवड्यातून एखादा दिवस आणि त्याचा मोबदला मिळावा. तसे झाले, तर त्यांचा अनुभव डिझाइनला मिळेल आणि धाराशिवच्या वॉर्डातील माणूसही कमी होणार नाही.

थोडक्यात, फक्त दमला असाल तर आधी विश्रांती घ्या. चुकीची व्यवस्था दुरुस्त करण्याची ओढ असेल, तर यूएक्स हेही रुग्णसेवेचेच काम आहे.