पंधरा माणसांची पदयात्रा

वाचकहो, चळवळीचे मोल तिच्या मागील थैलीवरून ठरवावयाचे काय? 2 जुलै 1999 रोजी कलकत्त्याच्या रस्त्यावरून अवघी पंधरा माणसे चालत गेली. समलिंगी प्रेम करणाऱ्यांनाही मानाने जगण्याचा हक्क आहे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. 1860 च्या दंडसंहितेतील कलम 377 त्यांना जन्मठेपेचा धाक घालीत होते. तरीही ती भारतातील पहिली अभिमान पदयात्रा ठरली. 2008 साली दिल्ली, बंगळूर व मुंबई येथेही स्वयंसेवकांनी अशा यात्रा काढल्या. दिल्लीकरांनी तर कंपन्यांचा पैसा नाकारून लोकवर्गणीवरच खर्च भागविला.

बरोबर दहा वर्षांनी, 2 जुलै 2009 रोजी, दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांस त्या कलमातून मुक्त केले. त्या निकालाने बाबासाहेबांनी घटना समितीत सांगितलेल्या सांविधानिक नीतीचा आधार घेतला होता. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क काढून घेतला आणि 6 सप्टेंबर 2018 रोजी परत दिला. विवाहाचा हक्क मात्र 2023 साली नाकारला.

हाती आलेला हक्क काढूनही घेतला जातो, हे आपणांस कोणी नव्याने शिकवावयास नको. त्याची राखण थैलीवाला करीत नाही. ती चालणाऱ्यांनीच करावयाची असते. तेव्हा आपल्या शहरी अशी यात्रा निघेल त्या दिवशी कडेला उभे राहू नका. जमेल ती वर्गणी द्या आणि चार पावले बरोबर चाला.