उपसण्याआधी एक नळी

गोव्यात वास्कोला असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ अंटार्क्टिकातल्या बर्फाचे पोट रडारने वाचतात. बर्फगाडीमागे रडार ओढत न्यायचे आणि रेडिओलहरी खाली सोडायच्या. नवे हिम जुन्यावर दबत जाते; घनता बदलली किंवा ज्वालामुखीची आम्लधूळ मिसळली की तिथून लहर परत फिरते. एक थर म्हणजे एक काळ. तो कुठे जाड आहे, कुठे वाकला आहे, यावरून किती हिम पडले आणि बर्फ कसा सरकला, हे उलगडते. भारताच्या ‘मैत्री’ केंद्राच्या उत्तरेला असलेल्या निव्लिसेन हिमफलकावरच्या उंचवट्यांचा अभ्यास याच पद्धतीने, नॉर्वेच्या ध्रुवीय संस्थेसोबत झाला.

थर आपल्याकडेही आहेत, गोंदिया जिल्ह्यातल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या तळाशी. कोहळी समाजाने पाळी घालून अडवलेल्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या माती बसत आली. मालगुजारी १९५१ साली संपली, तलाव सरकारकडे गेले, गाळ साचतच राहिला. त्यात झाडांचे परागकण आहेत, वणव्यांचा कोळसा आहे. १९६३च्या सुमारास जगभर पसरलेला अणुचाचण्यांचा किरणोत्सारी अंश जसा ध्रुवीय बर्फात सापडतो, तसा तलावाच्या गाळातही सापडू शकतो, आणि त्यावरून थराचे वय ठरवता येते.

‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना २०१७ साली आली. गाळ उपसायलाच हवा. तलावात पाणी जास्त मावते, धानाच्या बांधीला कसदार माती मिळते. त्याला आमचा पूर्ण पाठिंबा आहे. पण जेसीबीच्या एका फावड्यात कित्येक दशके एकत्र कालवली जातात, आणि ती पुन्हा वेगळी करता येत नाहीत. कडेला पूर्वी बैलबंड्यांनी गाळ नेला, तिथले थर विस्कटलेलेच असणार. खोल भागाला मात्र सहसा कुणी हात लावलेला नाही, आणि यंत्र आता तिथेच पोहोचते आहे.

ओल्या चिकणमातीत रडारच्या लहरी लवकर विरतात, म्हणून इथे ते उपकरण फारसे कामाचे नाही. लागते ती साधी नळी: उभी खुपसायची आणि थर न मोडता गाळ वर काढायचा. नागपूर विद्यापीठात भूशास्त्र विभाग आहे, नागपुरातच भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे कार्यालय आहे, परागकण वाचणारी बिरबल साहनी संस्था लखनौला आहे. जिल्हा प्रशासनाने उपशाच्या मंजुरीतच एक अट घालावी: मोठ्या तलावात यंत्र उतरण्याआधी खोल भागातून अशी एक नळी निघेल, तिच्यावर तलावाचे नाव, जागा आणि तारीख लिहिली जाईल, आणि ती विद्यापीठात जपली जाईल. येत्या उन्हाळ्यातल्या उपशापासूनच ही अट लागू व्हावी.