विश्लेषण : पोटातला ‘बँड’ बसवणे सोपे, काढणे अवघड का?

वजन कमी करण्यासाठी जठरावर बसवलेला सिलिकॉनचा पट्टा म्हणजेच गॅस्ट्रिक बँड अनेक रुग्णांना काही वर्षांनी काढावा लागतो. दुर्बिणीतून होणारी ही शस्त्रक्रिया नेमकी कशी असते?

बँड काय करतो?

जठराच्या वरच्या टोकाला तो अंगठीसारखा बसतो. वर तयार होणारी छोटी पिशवी लवकर भरते आणि थोडक्यात पोट भरल्यासारखे वाटते. त्वचेखालच्या पोर्टमधून सुईने सलाइन भरून तो आवळता येतो. बेल्जियममध्ये मितिकू बेलाच्यू यांनी १९९३ मध्ये तो प्रथम दुर्बिणीतून बसवला; अमेरिकेच्या ‘एफडीए’ची मान्यता २००१ मध्ये मिळाली. जठर कापायचे नाही आणि नको तेव्हा काढून टाकता येते, हेच त्याचे आकर्षण होते.

मग बिघडते कुठे?

बँड सरकतो, अन्ननलिका फुगते किंवा तो जठराच्या भिंतीत रुतत आत शिरतो. ब्रसेल्समधील ८२ रुग्णांच्या किमान १२ वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत जवळपास निम्म्या रुग्णांचे बँड काढावे लागले होते. ‘कधीही काढता येतो’ असे सांगताना ही शक्यताही तितक्याच ठळकपणे सांगायला हवी होती.

तो काढतात कसा?

पोटात कार्बन डायऑक्साइड भरून चार-पाच छिद्रांतून कॅमेरा व उपकरणे आत जातात. बँड कापून ओढणे हे त्यातले सोपे काम. खरी कसोटी लागते ती शरीराने बँडभोवती तयार केलेल्या चिवट आवरणापाशी. यकृतही अनेकदा तिथेच चिकटलेले असते. हे आवरण तसेच ठेवले, तर बँड गेल्यावरही जठर आवळलेले राहू शकते. म्हणून ते छेदून, जुने टाके सोडवून जठर मोकळे केले जाते. पोर्ट आणि नळीही काढतात. बँड जठरात बराच आत शिरला असेल, तर काही वेळा एंडोस्कोपीने, तारेने कापून तोंडावाटे काढता येतो.

लगेच दुसरी शस्त्रक्रिया?

बँड गेला की वजन बहुधा परत वाढते. त्यामुळे ‘एकाच भुलीत स्लीव्ह किंवा बायपासही उरका’ अशी मागणी होते. खर्च पाहता ती स्वाभाविकच. पण बँड आत शिरलेला असेल, तर जठराची भिंत भरून येण्यासाठी सहसा काही महिने थांबतात.

पोर्टजवळ उशिरा होणारा जंतुसंसर्ग हे बँड आत शिरल्याचे पहिले लक्षण असू शकते. पाणीही गिळता येत नसेल किंवा पोटात तीव्र कळा येत असतील, तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. तिथे बहुधा आधी पोर्टमधून सलाइन काढून बँड सैल केला जातो.