मोत्याला काय आवडतं, ते मोत्यालाच विचारा!

या वेळी तुमच्या पत्रांच्या गठ्ठ्यातलं एकच पत्र घेतलंय. सातवीतल्या एका मैत्रिणीचं आहे.

तिच्याकडे वर्षभराचा गावठी कुत्रा आहे, मोत्या. हा मोत्या भलताच नखरेल! काही शिकवावं म्हणून बिस्कीट पुढं केलं, की हुंगतो आणि तोंड फिरवतो. पोळीचा तुकडा तर तोंडात धरून कोपऱ्यात नेऊन ठेवतो. इथवर गंमत. पण मागच्या आठवड्यात फाटक उघडं राहिलं, मोत्या सुसाट रस्त्यावर पळाला आणि एका टेम्पोनं करकचून ब्रेक दाबला म्हणून वाचला. तेव्हापासून तो साखळीला आहे. बाबांनी सांगून टाकलंय, हाक मारल्यावर येत असेल तरच साखळी सुटेल. आता खाऊच खात नाही त्याला शिकवायचं कसं, असं ती विचारते.

मैत्रिणी, आधी तीन गोष्टी तपासून बघ.

एक, तो जेवतो का? रोजचं जेवणही टाकत असेल, मलूल असेल, उलट्या होत असतील, तर हा नखरा नाही, आजार आहे. शिकवणी बंद आणि प्राण्यांच्या डॉक्टरांकडे चला! दोन, त्याचं पोट आधीच भरलेलं असतं का? सकाळी आजी दूधपोळी देते, दुपारी दादा बिस्कीट टाकतो, संध्याकाळी शेजारच्या काकू काहीतरी घेऊन येतात. मग तुझ्या तुकड्याची काय किंमत? शिकवणी जेवणाच्या आधी घ्यायची, नंतर नाही. तीन, तो घाबरलेला तर नसतो? घरात आनंदानं खाणारा कुत्रा गजबजलेल्या रस्त्यावर तोच तुकडा नाकारतो. तेव्हा त्याला रागावू नकोस. ती जागा अजून त्याला झेपत नाही, एवढंच समज.

हे तिन्ही ठीक असेल, तर मात्र चूक मोत्याची नाही. खाऊ चुकलाय!

ही चूक मीही केलेली आहे बरं का. आमच्या बंड्याला मी ग्लुकोजची बिस्किटं दाखवून दाखवून थकलो. बंड्या ढिम्म! एक दिवस आईनं स्वयंपाकघरात सुके बोंबील भाजायला घेतले, आणि हे महाराज दारात येऊन शहाण्यासारखे बसले. कुणी 'बस' म्हटलंही नव्हतं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बिस्किटं मला आवडत होती, बंड्याला नव्हे. कुत्र्याचा सगळा कारभार नाकावर चालतो. ज्याला वास नाही, त्यात त्याला राम नाही. म्हणून तर फ्रीजमधल्या गार तुकड्यापेक्षा किंचित कोमट तुकडा त्याला जास्त खुणावतो.

तर आता मोत्याची आवड शोधायची. दोन बशा घे. एकीत उकडलेल्या अंड्याचा तुकडा, दुसरीत पनीरचा. भावाला मोत्याला धरायला सांग, बशा सारख्या अंतरावर ठेव आणि सोड. तो आधी कुठं जातो ते वहीत लिही. मग बशांच्या जागा बदल, कारण काही कुत्र्यांना एकाच बाजूला जायची सवय असते. असं पाच-सहा वेळा केलंस, की उत्तर मिळेल. जिंकलेल्या पदार्थाची दुसऱ्या दिवशी तिसऱ्याशी झुंज लाव. बिनमिठाची, हाड काढलेली उकडलेली कोंबडी, उकडलेलं रताळं, लाल भोपळा, गाजर, बिया काढलेलं सफरचंद... घरात मांसमच्छी चालत नसेल तरी यादी पुष्कळ मोठी होते.

काही पदार्थ मात्र चुकूनही नकोत. चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे, कांदा आणि लसूण कुत्र्याला विषारी आहेत. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणेसुद्धा! काही बिनसाखरेच्या च्युइंगगममध्ये झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असतो, तो तर कुत्र्याच्या जिवावर बेततो. शिजवलेली हाडंही नकोत, त्यांच्या कपच्या घशात किंवा आतड्यात रुततात. शेव-फरसाण नको. बोंबलात मीठ फार असतं, म्हणून बंड्यालाही तो रोज मिळत नसे.

तुकडा केवढा? हरभऱ्याच्या दाण्याएवढा, आणि मऊ. मोठा तुकडा दिला तर तो चघळत बसतो आणि शिकवलेलं विसरतो. दिवसभराचा सगळा खाऊ त्याच्या आहाराच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नको, आणि तेवढं जेवण कमी करायचं. नाहीतर मोत्याचा होईल ढोल्या!

आता खरी शिकवणी. पहिल्या नंबरचा खाऊ फक्त 'मोत्या, ये!' या हाकेसाठीच राखून ठेव. एरवी तो त्याला दिसताही कामा नये. आधी घरात, दोन पावलांवरून हाक मार. आला रे आला, की लगेच तुकडा आणि शाबासकी. उशीर झाला तर बक्षीस कशाचं, ते त्याला कळणार नाही. रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांना पचनावरच्या संशोधनासाठी १९०४ साली नोबेल मिळालं. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांच्या तोंडाला खाणं येण्याआधीच, त्याची नुसती चाहूल लागताच लाळ सुटायची. तुझी हाक ही मोत्यासाठी अशीच चाहूल व्हायला हवी. घरात जमलं की अंगण, मग लांब दोरी बांधून मोकळं मैदान. घाई नको, याला काही आठवडे लागतील.

आणि एक पथ्य कडक पाळ. हाक मारून बोलावलंस, तर त्यानंतर कधीही रागवायचं नाही आणि लगेच साखळीही अडकवायची नाही. 'ये' म्हणजे साखळी, हे एकदा का त्याच्या डोक्यात बसलं, की कोंबडी दाखवलीस तरी तो येणार नाही.

बाबांना माझा निरोप सांग. त्यांची काळजी बरोबर आहे. मोत्या शिकला तरी फाटकाची कडी लावायलाच हवी. पण शिकायचं तर त्याला रोज थोडा वेळ साखळीतून सोडायला हवं, भले दोरी बांधून का होईना. रोज संध्याकाळी दहा मिनिटं बाबांनीच हाक मारली तर? खाऊ त्यांच्याच हातात दे. मोत्या धावत त्यांच्याकडे जाऊ लागला, की साखळी सोडायला त्यांचेच हात पुढे होतील.

वहीतल्या झुंजींचा निकाल मला जरूर कळव. पनीर जिंकलं की रताळं? मी वाट बघतोय!