गरम गाडीचं दुखणं
अंकुशनगरच्या साखर कारखान्यासमोर उन्हात उभी केलेली जुनी, कार्बोरेटरची मारुती ८०० सकाळी पहिल्याच चावीला सुरू होते आणि दुपारी नुसती घरघरते, तेव्हा लोक आधी बॅटरी बदलतात. पैसे वाया! इंजिनाच्या धगीनं कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळून आत उतरतं. बॉनेट उघडलं की वासच सांगतो. ॲक्सिलरेटर पंप न करता पूर्ण दाबून धरा, मग सेल्फ मारा. क्षणभर काळा धूर येईल. तो येतच राहिला तर चोक आणि एअर फिल्टर बघा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, बहुधा व्हॉल्व्ह सील किंवा रिंगा. पांढरा धूर थांबेना आणि रेडिएटरचं पाणीही घटतंय, तर हेड गॅस्केट तपासल्याशिवाय कृपा करून जालन्याला निघू नका.