आजोबांचा रेझर पुन्हा काढा

आपल्या सोलापुरात नळाला तीन-चार दिवसांनी पाणी येतं, आणि आपण नळ सोडून रेझर धुतो! यूज अँड थ्रो रेझरच्या दोन-तीन पात्यांत केस अडकले की धार सोडल्याशिवाय निघत नाहीत. मी वडिलांचा जुना स्टीलचा सेफ्टी रेझर काढला. पातं एकच, मगभर पाण्यात दाढी होते. बोअरचं पाणी दुष्फेन, साबणाला फेस लवकर येत नाही. ब्रश जरा जास्त फिरवायचा.

खोटं कशाला बोलू, पहिल्या आठवड्यात हनुवटी दोनदा कापली. दाबून ओढायची सवय नडली. हा रेझर स्वतःच्या वजनानं चालतो. पातं गालाशी साधारण ३० अंशांत धरायचं.

बदलत्या पात्याच्या या रेझरचं पेटंट किंग जिलेट यांना १९०४ मध्ये मिळालं. तेव्हा फेकायचं ते फक्त पातं. आता दांड्यासकट फेकतो, आणि प्लॅस्टिकमध्ये रुतलेलं पोलाद वेगळं कोण काढणार? मला तरी हे पटत नाही.

मात्र सुटं पातं कागदात गुंडाळून घंटागाडीत टाकू नका. कचरा हातानं निवडणाऱ्या बाईंचं बोट कापतं. पावडरच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्याला चीर पाडा, वापरलेली पाती त्यात टाका. आमच्या डब्याचा अजून तळही झाकला नाही.

दहावीतल्या पोराला पहिला रेझर द्याल, तेव्हा सोबत असा डबाही द्या.